शिक्का झाकून दगड पाहावा

क्योतोच्या डोंगरातला धार लावायचा दगड इंटरनेटवर विकायला येतो तेव्हा पहिला फोटो असतो शिक्क्याचा. निळसर-जांभळ्या शाईतलं वर्तुळ, वर्तुळात एक अक्षर, शेजारी उभ्या ओळीत चार-सहा कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपीतली, अक्षरं. दगडाच्या कडा, पाठ, पोत यांचे फोटो मागून येतात; पुष्कळदा येतच नाहीत. किंमत ठरते ती त्या शाईवर. तोच दगड बिनशिक्क्याचा असता तर बऱ्याच कमी भावात गेला असता. खोटे शिक्के बाजारात येतात त्याचं मूळ इथेच आहे.

मी लाकूडकाम करतो. रंध्याची पाती आणि पटाशा यांना धार लावणं हे माझं रोजचं काम. पुण्यात हे दगड मागवणारे आता बरेच भेटतात. हौसेनं सुतारकाम करणारे, जपानी सुऱ्या जिवापाड जपणारे, हॉटेलांतले शेफ, आणि वस्तरा-चामोटीकडे परत वळलेली तरुण मुलं. त्यांच्याकडून व्हॉट्सॲपवर फोटो येतो आणि खाली एकच प्रश्न असतो, "ओरिजिनल आहे ना?" शिक्क्याच्या फोटोवरून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. का देता येत नाही, हे एकदा नीट मांडून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं. ओळखीच्या लोकांचे कष्टाचे पैसे यात जातात, आणि पैशांखेरीजही काहीतरी जातं, ज्याचं मला जास्त वाईट वाटतं.

आधी दगडाविषयी. आपण पुणेकर ज्या खडकावर राहतो तो लाव्हा थंड होऊन झालेला बेसॉल्ट. पाट्या-वरवंट्याला, जात्याला तो उत्तम, कारण टाकी लावली की खरखरीत होतो आणि बराच काळ तसाच राहतो. पण बारीक धारेला खरखर चालत नाही. तिथे कण इतका सूक्ष्म आणि एकसारखा लागतो की पोलादावर ओरखडा दिसूच नये. म्हणून आपल्याकडच्या सुतारांनी कार्बोरंडमचा कारखान्यात तयार झालेला दगड घेतला, त्यावर तेल टाकलं आणि काम भागवलं.

क्योतोच्या पश्चिमेच्या डोंगरांत मात्र निसर्गानं हे काम आधीच करून ठेवलं होतं. साधारण २५ कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक कालखंडाच्या सुरुवातीला, खोल समुद्राच्या तळाशी अतिशय बारीक चिकणमाती आणि रेडिओलेरिया नावाच्या सूक्ष्म जीवांचे सिलिकाचे सांगाडे थरावर थर साचत गेले. पुढे भूपट्टाच्या हालचालीनं तो तळ जपानच्या भूमीला येऊन चिकटला, दबला, वर उचलला गेला. त्या थरांतून निघणारा शेवटच्या धारेचा दगड म्हणजे अवासेदो. त्यात क्वार्ट्झचे अगदी बारीक कण आणि अभ्रकाच्या जातीची खनिजं असतात. पाणी शिंपडून पातं फिरवलं की दगडातून थोडी राळ, म्हणजे दगडाच्या बारीक कणांचा पाण्यातला लगदा, सुटते आणि खरी धार त्या राळेवर चढते. जपानी पात्यात मऊ लोखंडाच्या पाठीला कडक पोलाद जोडलेलं असतं. चांगल्या अवासेदोवर मऊ लोखंड धुक्यासारखं राखाडी होतं, पोलाद गडद आणि चमकदार राहतं, आणि दोघांमधली रेघ स्पष्ट उमटते. कृत्रिम दगडावर हे इतकं सुंदर सहसा जमत नाही. ज्यानं एकदा हे हाताखाली होताना पाहिलं, तो या दगडांच्या मागे का लागतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

खाणी बऱ्याच होत्या. उमेगाहाताच्या परिसरात नाकायामा, ओझुकु, शोबुदानी, ओकुदो, नारुताकी. तांबा भागाकडे ओहिरा, शिन्देन. आणि शेजारच्या शिगा प्रांतात ताकाशिमा. यातल्या बहुतेक आता बंद आहेत. कृत्रिम दगड स्वस्त झाले, विजेवरचे रंधे आले, वस्तऱ्याची जागा वापरून टाकायच्या ब्लेडनं घेतली, आणि डोंगराच्या पोटात शिरून धारेच्या दगडाचा थर शोधणारं माणूस उरलं नाही. नाकायामाची खाण बंद होऊन कित्येक दशकं लोटली. म्हणजे आज नाकायामा म्हणून जे विकलं जातं ते जुन्या दुकानांतला शिल्लक माल, निवृत्त सुतारांच्या पेटीतले दगड, नाहीतर नाकायामा नसलेलं काहीतरी.

आता शिक्का. खाणीच्या तोंडाशी बसून कुणी सरकारी अधिकारी तो मारत नव्हता. तो मारत असे खाणमालक किंवा घाऊक व्यापारी, आपल्या मालाची खूण म्हणून. एकाच खाणीचा माल वेगवेगळ्या व्यापाऱ्यांकडून वेगवेगळ्या शिक्क्यांनी बाहेर पडे आणि एकच व्यापारी दोन-तीन खाणींचे दगड आपल्या शिक्क्याखाली विके. नाकायामाशी जोडला गेलेला, वर्तुळात 'का' असलेला मारुका हा शिक्का सगळ्यांत प्रसिद्ध. साहजिकच सगळ्यांत जास्त नक्कल त्याचीच. शेजारी 'शो होनयामा', म्हणजे अस्सल मूळ डोंगराचा, आणि 'तोक्क्यू', म्हणजे खास प्रतीचा, असंही लिहिलेलं असतं. ही व्यापाऱ्यानं स्वतःच्या मालाची केलेली स्तुती आहे. ती खरी असू शकते, पण तिच्यामागे तपासणी करणारं कुणी नसतं.

लक्ष्मी रोडवर सोन्याची अंगठी घेतली की तिच्यावर हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी क्रमांक असतो. तो मोबाइलवर टाकला की कुठे तपासली, किती शुद्धतेची, हे समोर येतं. त्या खुणेला वजन आहे ते तिच्यामागे नोंद आहे म्हणून. दगडावरच्या शिक्क्यामागे अशी कुठलीही वही नाही. ज्या व्यापाऱ्यांनी ते मारले त्यांतले बरेच गेले, पेढ्या मिटल्या. उरलं ते रबराच्या तुकड्यावर कोरता येईल असं एक चित्र. आप्पा बळवंत चौकाच्या आसपास कुठल्याही शिक्केवाल्याकडे फोटो दिला तर तो हुबेहूब तसा शिक्का करून देईल, आणि त्या बिचाऱ्याला आपण काय करतोय याची कल्पनाही नसेल.

कोथरूडच्या एका मित्रानं असा एक दगड मागवला होता. मारुकाचा शिक्का, शेजारी कांजी, भरपूर किंमत. तो घेऊन माझ्याकडे आला. आम्ही खिडकीपाशी उजेडात बसलो आणि भिंग लावलं. एका कोपऱ्याचा कपचा उडालेला होता. उडालेली जागा जुनी होती, तिच्या कडा वापरून गुळगुळीत झालेल्या, आत मळ बसलेला. आणि शिक्क्याच्या वर्तुळाची कड त्या खळग्यात उतरली होती. शाई खळग्याच्या तळापर्यंत गेली होती, मळाच्या वर बसली होती. शिक्का आधीचा असता तर कपच्याबरोबर तेवढा भाग उडून गेला असता आणि वर्तुळ तिथे तुटलेलं दिसलं असतं. दगड फुटला, हाताळला गेला, मळला, आणि मग कुणीतरी त्याच्यावर हा शिक्का मारला.

मग मी पोलादी पट्टी उभी धरून दगडाचं तोंड पाहिलं. मधोमध चांगली पोकळी होती, वर्षानुवर्षं पाती फिरवून झालेली. दुसरा शिक्का होता तो या पोकळीत. दगड वापरात आला की सगळ्यांत आधी पुसला जातो तो तोंडावरचाच शिक्का. दगड झिजून खोल होईपर्यंत वरची शाई शाबूत राहिली, हे होऊच शकत नाही.

मित्राचा चेहरा उतरला. मी पाणी शिंपडलं आणि माझी एक पटाशी त्यावर फिरवली. दगड फार छान होता. कडक, पण हट्टी नाही. दगड पात्याला हलकेच धरून ठेवत होता, राळ हळूहळू गडद होत गेली, आणि दहा-पंधरा हातांत लोखंडावर ते धुकं चढलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असा हा प्रकारच नव्हता. वाळा खरा होता, नाव तेवढं दुसऱ्याचं चिकटवलं होतं.

मला सगळ्यांत जास्त लागलं ते हेच. तो दगड कुठून तरी आला होता. ओहिराचा असेल, शिन्देनचा असेल, एखाद्या लहान खाणीचा असेल जिचं नाव आपल्यापर्यंत पोहोचलंच नाही. कुणीतरी तो अंधारात दिव्याच्या उजेडात थराच्या रेषेवर अलगद फोडून काढला, खांद्यावर वाहून खाली आणला. कदाचित विकणाऱ्या घराण्याला तो कुठला हे माहीत होतं, जुन्या दुकानदाराला माहीत होतं. खोट्या शिक्क्यानं मित्राचे पैसे गेलेच, पण त्या दगडाचं खरं गाव कायमचं पुसलं गेलं. आता तो कुठला हे कुणीही सांगू शकणार नाही. नाकायामाच्या नावावर एक खोटा वारस चढला आणि दुसऱ्या एका खाणीच्या खात्यातला एक चांगला दगड कमी झाला. असे किती झाले असतील याचा विचार मनातून जात नाही.

जपानी तलवारींच्या जगात ही अडचण फार जुनी आहे. तलवारीच्या मुठीत जाणाऱ्या भागावर कारागिराचं नाव कोरलेलं असतं, आणि खोटं नाव कोरलेल्या तलवारींना गिमेई म्हणतात. सतराव्या शतकातल्या नागासोने कोतेत्सुच्या नावानं इतकी खोटी पाती निघाली की कोतेत्सु दिसला तर आधी खोटाच समजावा, अशी म्हणच पडली. या जाणकारांनी यावर काढलेली वाट मला फार आवडते. त्यांच्या परीक्षेच्या बैठकीत नाव असलेला भाग कापडानं झाकून ठेवतात. पात्याचा बाक, पोलादाचा पोत, धारेलगतची पाण्याची रेघ एवढंच बघायचं आणि कारागीर ओळखायचा. नाव शेवटी उघडतात. या तलवारींना अखेरचा हात देतात तो उचिगुमोरी आणि नारुताकी या दगडांनी, म्हणजे ज्यांच्याविषयी आपण बोलतोय त्यांच्याच घरातल्या दगडांनी. त्यामुळे ही रीत उसनी घ्यायला संकोच नको. स्क्रीनवर शिक्क्याच्या फोटोवर अंगठा ठेवायचा आणि मग दगड बघायचा.

बघायचं काय? पहिलं म्हणजे सगळे फोटो असले पाहिजेत. सहाही बाजू, कोरड्या आणि ओल्या, दिवसाच्या उजेडात. ओला दगड रंग आणि भेगा दाखवतो, कोरडा दगड पोत. विक्रेता ओल्या दगडाचा फोटो द्यायला टाळत असेल तर मी पुढे बोलत नाही. कडेवरून थर कसे जातात ते पाहावं. ते वरच्या तोंडाला साधारण समांतर हवेत, कारण दगड थराच्या रेषेत फोडून काढलेला असतो. पाठीला पुष्कळदा डोंगराची मूळ कातडी शिल्लक असते, तपकिरी, ओबडधोबड, कुठे कुठे गंजाच्या रंगाची. ती असली तर चांगलंच, पण नसली म्हणून दगड खोटा होत नाही, कारण थराच्या मधून कापलेल्या दगडाला कातडी असायचं कारण नाही. कारासूचे काळे डाग, रेंगेचे लालसर ठिपके, नाशिजीचा नाशपतीच्या सालीसारखा ठिपक्यांचा पोत ही सगळी दिसायला देखणी असतात आणि भाव वाढवतात. त्यांचा धारेशी फारसा संबंध नाही. देखणेपणाचे पैसे द्यायचे तर जाणून द्यावेत.

मग अंगठा काढायचा आणि शिक्का बघायचा, पण कालक्रमाच्या दृष्टीनं. आधी काय झालं, नंतर काय झालं? कपचा उडालेल्या जागी शाई आत आहे का? झिजलेल्या तोंडावर शिक्का ताजा आहे का? बाजूवर यंत्राच्या करवतीचे अर्धगोल ओरखडे आहेत आणि शाई त्यांच्या वर आहे, तर कापलं कधी आणि शिक्का कधी? पुष्कळ दगडांच्या बाजूंना पाणी आत शिरून थर सुटू नयेत म्हणून लाख किंवा वार्निश लावतात. जुनी शाई त्याच्या खाली असायला हवी, वर असेल तर शंका घ्यावी. बोट ओलं करून शाई पुसून पाहण्याचा उपाय मात्र कुणी सांगितला तर ऐकू नका. खऱ्या जुन्या शिक्क्याची शाईही पाण्यानं जाते, आणि त्यात खरा शिक्काच हकनाक घालवून बसाल.

एक साधं गणितही आहे. या दगडांची घनता २.६ ते २.७ च्या आसपास असते. २०५ बाय ७५ बाय ३० मिलिमीटरचा दगड म्हणजे सुमारे ४६१ घन सेंटिमीटर, म्हणजे वजन १.२ किलोच्या जवळपास. पाठ ओबडधोबड असेल तर थोडं कमी. पण चारी बाजूंनी चौकोनी दिसणारा या मापाचा दगड ९०० ग्रॅम भरतो असं लिहिलेलं असेल तर एकतर मापं चुकीची आहेत किंवा तो नैसर्गिक नाही. वजन आणि तिन्ही मापं लेखी मागावीत. मिकावा नागुरा, म्हणजे राळ काढायचे आइची प्रांतातले ते पांढरे छोटे तुकडे, त्यांच्या शिक्क्यांचीही हीच कथा आहे. तुकडा लहान आणि मागणी मोठी, त्यामुळे तिथे जास्तच जपावं.

हे सगळं पैसे भरण्याआधी का करायचं, तर नंतर करून उपयोग नसतो. टपालखर्च वजनावर लागतो, वर कस्टम्सची ड्युटी, आणि परत पाठवायचा तर पुन्हा खर्च. परतीची सोय कागदावर असली तरी किलोभराचा दगड परत पाठवायचा खर्च ऐकून माणूस गप्प बसतो.

माझी भाची जपानी शिकते. मध्यंतरी एकानं मला इंग्रजीतून विकायला ठेवलेला एक दगड दाखवला. 'खात्रीशीर नाकायामा' असं ठळक लिहिलं होतं. दगडात एक तिरकी पांढरी रेघ होती, तिला मध्येच फाटा फुटलेला. मी फोटोवरून शोध घेतला तर तीच रेघ एका जपानी लिलावाच्या जुन्या पानावर सापडली. भाचीला म्हटलं वाचून दाखव. ती म्हणाली, "मामा, इथे नाकायामा असावा असं वाटतं, असं लिहिलंय. आणि खाली लिहिलंय, तपशील माहीत नाही, मला यातलं कळत नाही, परत घेणार नाही." मूळ विकणारा अगदी प्रामाणिक होता. घरातल्या कुणाच्या तरी पेटीतला दगड त्यानं निघेल त्या भावाला काढला होता आणि आपल्याला जेवढं माहीत नव्हतं तेवढं स्पष्ट लिहिलं होतं. समुद्र ओलांडताना 'असावा' गळून पडलं आणि 'खात्रीशीर' चिकटलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, फोटोवरून शोध घ्या, मूळ जपानी मजकूर मिळाला तर कुणाकडून तरी वाचून घ्या. पुण्यात जपानी शिकणारी मुलं हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांना विचारायला लाजू नका.

विक्रेत्याला प्रश्नही विचारावेत. दगड कुठून घेतलात, शिक्का तेव्हापासूनच होता का, ज्या दगडाचा फोटो आहे तोच पाठवणार का. माझा अनुभव असा की जो "ओहिरा असावा, पण खात्री देत नाही" असं म्हणतो त्याच्याकडून घेतलेल्या दगडाचा पश्चात्ताप होत नाही. ज्याच्याकडचा प्रत्येक दगड नाकायामा असतो त्याच्याकडे मी जात नाही.

नव्यानं या वाटेला लागणाऱ्यांना माझा आग्रह कोप्पाचा असतो. कोप्पा म्हणजे चौकोनी कापताना उरलेला वेडावाकडा तुकडा. डोंगर तोच, थर तोच, आकार तेवढा ओबडधोबड. त्याच्यावर सहसा शिक्का नसतो, म्हणून नकलाकाराला त्यात फारसा रस नाही, आणि मोठा दगड लाखाच्या घरात जातो तिथे चांगला कोप्पा काही हजारांत मिळतो. सुरीला आणि लहान पटाशीला तो पुरतो. आधी हजार ग्रिटच्या, म्हणजे मध्यम बारीक कणाच्या, कृत्रिम दगडावर हात बसवावा, मग कोप्पा घ्यावा, त्याच्या राळेचा रंग, पात्याला धरून ठेवण्याची पकड, आवाज हे बोटांच्या ओळखीचं होऊ द्यावं. ती ओळख झाली की शिक्क्याची ओढ आपोआप कमी होते.

मित्रानं तो दगड ठेवून घेतला. विक्रेत्याला फोटोंसह लिहिलं, थोडे पैसे परत आले, बरेचसे आले नाहीत. शिक्का पुसून टाकू का, असं त्यानं मला विचारलं. मी नको म्हटलं. पुसला तर उद्या दुसरं कुणी त्या मोकळ्या जागी आणखी एक मारेल. त्यापेक्षा दगडाच्या डब्यात एक कागद ठेवायचा. माझ्या प्रत्येक दगडाच्या डब्यात असा एक कागद आहे. दगड कुणाकडून आला, त्यानं काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, मूळ जपानी मजकुराची प्रत, मापं, वजन, सहा बाजूंचे फोटो. आणि खाणीच्या रकान्यात जिथे माहीत नाही तिथे 'माहीत नाही'. मित्राच्या कागदावर आम्ही दोघांनी मिळून लिहिलं: शिक्का नंतरचा, कोपरा फुटल्यानंतर मारलेला; दगड नैसर्गिक, क्योतोकडचा असावा; पटाशी आणि रंध्याच्या पात्याला उत्तम. दगड पुढे विकला तर हा कागद त्याच्याबरोबर जायचा, अशी ओळही त्यानं शेवटी स्वतःहून घातली.